बरगे घातलेली नदी

बेळगावच्या थंडीचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला अलीकडं राग येतो. दिवाळी सरली की यांचं सुरू होतं. काय हवा पडलीय, काय धुकं पडलंय, समोरचं घर दिसेना! सांबऱ्याला विमान उतरू शकलं नाही, हीसुद्धा यांना अभिमानानं सांगायची गोष्ट वाटते. आमच्या अनगोळातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका कानांना मफलर गुंडाळून माझ्या फाटकाशी थांबतात आणि म्हणतात, "शालनबाई, चला की, काय झकास गारवा आहे." मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. गुडघे चांगले ठणठणीत आहेत. मला धुक्यात जायचं नसतं, एवढंच.

गेल्या आठवड्यात थंडी पुन्हा आली. पहाटे नळाचं पाणी हाताला लागलं आणि बोटं आखडली. तेवढ्यात गल्लीत मासेवाल्याची आरोळी आली, "नदीचा मासा, ताजा मासा!" मी बाहेर जाऊन विचारलं, "कुठल्या नदीचा रे?" तो गडबडला. त्याच्या पांढऱ्या खोक्यात बर्फाच्या चुऱ्यात निजवलेले आंध्राचे रोहू होते, सगळे एका मापाचे. "नदीचाच की बाई, कुठली तरी आसंलच," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. त्याचं काही चुकलं नाही. कुठली तरी असेलच. पण मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मी नदीकाठच्या भोयांच्या घरातली. निपाणीच्या अलीकडं वेदगंगेच्या काठाला आमची सात-आठ घरं होती. पूल व्हायच्या आधी आमच्या माणसांनी लोकांना पैलतीराला नेलं, पूल झाल्यावर नुसते मासे धरले. मी तिथून निघाले ती टाइपिंग शिकून. बेळगावात एका वकिलांच्या कचेरीत पस्तीस वर्षं मी कानडी कागद टाइप केले. माझा थोरला भाऊ दत्तूअण्णा मात्र तिथंच राहिला. घरातली भांडीकुंडी, जाळी आणि नदी, सगळं त्याच्याकडं राहिलं आणि माझ्याकडं कानडी आली. आम्हा दोघांनाही ही वाटणी बरोबर वाटायची.

मासे धरणाऱ्याला पावसाळा अवघड जात असेल, असं लोकांना वाटतं. आमच्याकडं उलटं होतं. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, माशाला जाळं दिसत नाही, पाण्याच्या लोंढ्याबरोबर तो काठाला येतो. हिवाळ्यात पाणी निवळतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःच्या पायाची नखं दिसतात. माणसाला नखं दिसतात तर माशाला जाळ्याचा दोरा दिसणारच. त्यात गारठ्यानं मासा खाणं टाकतो, हिंडणं सोडतो आणि डोहाच्या तळाला जाऊन बसतो. रानात ऊस उभा असायचा, हरभऱ्याला घाटे धरायचे, गुऱ्हाळं पेटायची, सगळ्या गावाच्या तोंडाला गोड वास असायचा. आणि आमच्या घरात मात्र त्याच दिवसांत भाकरीबरोबर नुसती चटणी असायची. थंडी म्हटलं की मला आधी ती चटणी आठवते.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, सकाळी पाण्यात उतरण्याआधी सगळ्या अंगाला एरंडेल चोळायचे. काठावर उसाच्या पाचटाचा जाळ केलेला असायचा. जाळ्याचं सूत ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काळपट केलेलं असायचं, निवळ पाण्यात ते कमी दिसावं म्हणून. आप्पा आधी एकच पाय पाण्यात घालायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग म्हणायचे, "आज चावतंय." म्हणजे पाणी चावतंय. अशा दिवशी उथळात दोन-चार चिलाप्या आणि एखादा शिंगाळा मिळाला तरी पुष्कळ. बाहेर आल्यावर त्यांच्या पायाच्या पोटऱ्या जांभळ्या झालेल्या असायच्या आणि त्यांना जाळाशी बसवून आई तळपाय घासायची. मी समोर बसून दात वाजवण्याची नक्कल करायचे. आप्पा हसायचे, पण दात खरेच वाजत असल्यामुळं ते हसणं तुटक तुटक यायचं.

मासे नव्हते असं नाही. डोहात होते. घाटापासून हाकेच्या अंतरावर नदी वळण घेते, तिथं काळ्या खडकाखाली आमचा डोह. नदीच्या सगळ्या बाजूंचे मासे थंडीत तिथं गोळा व्हायचे. गारठलेला मासा इतका सुस्त असतो की जाळं टाकलं तर टोपल्या भरतील. पण दिवाळीनंतर भोयांपैकी वयानं मोठा माणूस डोहाच्या तोंडाशी करंजाची एक फांदी रोवायचा. ती उभी आहे तोवर डोहात जाळं पडायचं नाही. शिवरात्र झाली, पाण्याचा गारठा मोडला, मासा पुन्हा हिंडायला लागला की फांदी काढायची. "निजलेल्यावर जाळं टाकून काय मोठं केलंस?" असं आप्पा म्हणायचे. त्यात शहाणपणही होतं. डोहातला मासा म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बी. ते थंडीत खाल्लं तर आषाढात काय धरणार? घरात चटणी-भाकरी असताना, हाकेच्या अंतरावर मासे निजलेले असताना, सात-आठ घरं तीन महिने दम धरायची. लहानपणी मला याचा फार संताप यायचा. आता वाटतं, आमच्या घराण्याकडं मिरवण्यासारखं एवढंच होतं.

आप्पांच्या मागं ती फांदी अण्णा रोवू लागला. तोवर जाळी नायलॉनची झाली होती, काठावर उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारींची रांग लागली होती आणि सात-आठ घरांची तीन उरली होती. बाकीच्यांची मुलं कुणी कारखान्यात, कुणी निपाणीत दुकानात लागली. तरी अण्णा फांदी रोवायचा. वहिनी मला चिडवत म्हणायची, "वन्सं, तुमच्या भावाला सांगा की. तीन घराला कसली राखण करतोय ह्यो? मासं तरी हसत आसतील." अण्णा तिच्याकडं बघून नुसता हसायचा. कुणी बाहेरच्यानं डोहात जाळं टाकलं तर मात्र तो भांडायला जायचा. भांडण सोडलं तर एरवी फार गरीब माणूस.

तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली. दिवाळीतच नदी इतकी खाली गेली की डोहावरचा काळा खडक उघडा पडला. मोटारी रात्रंदिवस पाणी ओढत होत्या. अण्णा दिवाळीच्या पाडव्याला माझ्याकडं आला तो जेवणाकडं लक्ष नसलेला. हात धुतल्यावर म्हणाला, "शालू, डोहात यंदा पुरुषभर पाणीबी न्हाय. शिवरात्रीपतोर ऱ्हात न्हाय बघ. पाणी गेलं की मासा उघडा पडणार. मग माझी फांदी कोण मानतंय?"

मी विचारलं, "मग काय करूया म्हणतोस?"

"खालच्या बंधाऱ्याला बरगे घालूदेत की लवकर. पाणी थांबंल. डोह भरंल."

बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत एकावर एक बसवायच्या फळ्या. पावसाळ्यात त्या काढून ठेवतात, पाऊस संपला की घालतात, म्हणजे नदी अडते आणि पुढचे महिने उसाला पाणी मिळतं. ते कधी घालायचे हे पाटबंधारे खात्याची बेळगावातली कचेरी ठरवते, आणि त्या वर्षी तिचं काही हलत नव्हतं. कचेरीत अर्ज द्यायचा तर कानडीत. आमच्या गल्लीला कानडी बोलता येतं, बाजारात भांडताही येतं. पण कागदावरचं कानडी निराळं. तिथं आमच्या माणसांचा हात थांबतो आणि मग कुणीतरी म्हणतं, शालूला सांगा. दाखला असो, वीजमीटर असो, तंटा असो, सगळ्या गावाचे अर्ज मी लिहिलेत. मला ते आवडायचंही. माहेरी गेलं की चार बायका चहा घेऊन मागं मागं फिरतात, कुणाला आवडत नाही?

मी त्याच दुपारी अर्ज लिहायला बसले. काय लिहिला होता! पिण्याचं पाणी, गुरांचं पाणी, उभी पिकं, सगळं त्यात घातलं. डोहाचं आणि निजलेल्या माशांचं लिहिलं नाही, कारण कचेरीत त्याला कोण विचारतो, हे मला माहीत होतं. अण्णाचा अंगठा नव्हे, सही. आप्पांनी त्याला तेवढं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कचेरीत गेले, ओळखीच्या कारकुनाच्या टेबलावर कागद ठेवला, त्याच्याशी गोड बोलले, वकीलसाहेबांचं नावही मधे घातलं. पाचव्या दिवशी बरगे पडले.

अण्णाचा फोन आला तेव्हा तो अगदी लहान मुलासारखा बोलत होता. "थांबली गं, थांबली नदी! खडक बुडाला. तुझ्या एका कागदानं नदी थांबली बघ." मागून वहिनीचा आवाज, "वन्सं, आता एक कागद ह्यांनाबी लिवा, घरात थांबायचा." मोटारवाल्यांनी अण्णाला चहा पाजला म्हणे. जन्मात पहिल्यांदा ऊसवाले आणि मासेवाले एका बाजूला होते. मी त्या दिवशी आमच्या वकिलांच्या कचेरीत सगळ्यांना पेढे दिले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, नदीचे.

वाहतं पाणी आपली घाण आपण पुढं नेतं, हे भोयाच्या मुलीला कुणी सांगावं लागतं का? पण आम्हा दोघांपैकी एकाच्याही ते मनात आलं नाही. एरवी बरगे पडतात तेव्हा नदीला जोर असतो, फळ्यांच्या वरून पाणी सांडत राहतं, खाली-वर होत राहतं. त्या वर्षी वरून येणारं पाणी नावालाच होतं. आम्ही नदी अडवली आणि तिचं डबकं केलं. वर गावांची गटारं होती, उसाच्या रानांतली खतं होती, गळिताचा हंगाम होता. नेमकं काय आणि कुठून येऊन मिळालं, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पण जे जे आलं ते बरग्यांशी येऊन थांबलं. आणि डोह बरग्यांच्या वरच होता.

बरगे पडून महिनाही झाला नव्हता. एका बुधवारी संध्याकाळी अण्णाचा फोन. आवाज उतरलेला. "शालू, पाणी काळं पडाय लागलंय. वर साय धरल्यागत दिसतंय. वास येतोय गं. मासा आजून तळाला हाय, पर मला ह्ये बरं दिसत न्हाय. बरगे काढाय पायजेत. निदान दोन गाळे तरी. कागद लिही."

मी म्हणाले, "अरे, आत्ता तर घातलेत. लगेच काढा म्हटलं तर हसतील की मला."

"हसूदेत की."

हे तो किती सहज म्हणाला! त्याला सगळं गाव तीस वर्षं हसत होतं. मला सवय नव्हती. मी म्हटलं, "सोमवारी बघते."

सोमवारी मी अर्ज टाइप केला. दोन गाळ्यांतले बरगे काढून पाणी वाहतं करावं, अशी विनंती, खाली 'दत्तूअण्णाकरिता' म्हणून माझी सही. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुपारच्या सुट्टीत कचेरीत गेले. दारातच त्या ओळखीच्या कारकुनानं मला पाहिलं. टेबलाभोवती चार-पाच जण बसले होते. तो मोठ्यानं म्हणाला, "या बाई! काय म्हणते तुमची नदी? थांबली ना? का आता पुन्हा पळवायची?" सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, चेष्टा होती. मीही हसले. पर्सच्या चेनवर माझा हात होता. तो तिथंच राहिला. मी म्हणाले, "छे हो, इकडून चालले होते, म्हटलं आभार मानावेत." आणि आभार मानून परत आले.

संध्याकाळी अण्णाचा फोन आला. "दिलास का कागद?"

"दिला," मी म्हणाले.

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, उद्या हे खरं करून टाकू. मंगळवारी वकीलसाहेबांचं मोठं काम निघालं. बुधवारी ती कचेरी बंद होती. गुरुवारी मी रस्त्यापर्यंत गेले आणि आता इतक्या उशिरा दिला तर तारीख बघून अण्णाला कळेल, या भीतीनं परत फिरले. शनिवारी रात्रभर मला झोप लागली नाही. रविवारी पहाटेची पहिली बस धरून मी निपाणीला निघाले. जाऊन त्याला सांगायचं होतं की मी दिलेला नाही, चल, उद्या दोघं मिळून देऊ. पर्समध्ये कागद होता.

निपाणीच्या स्टँडवर तंबाखूचा उग्र वास असतो, तो ओलांडून रिक्षा नदीच्या रस्त्याला लागली की एरवी ओल्या मातीचा वास येतो. त्या दिवशी घाटाच्या बऱ्याच अलीकडं कुजलेल्या गुळाचा वास आला. धुकं इतकं होतं की नदी दिसत नव्हती. पण आवाज येत होता. चप्, चप्, चप्. पाण्यावर सगळीकडं. मला आधी कळेना. खाली उतरले तेव्हा दिसलं, हजारो माशांनी तोंडं पाण्याबाहेर काढली होती आणि ते हवा गिळत होते.

थंडीत मासा तळाला असतो. आयुष्यात कधी मी मार्गशीर्षात मासा वर आलेला पाहिला नव्हता. रोहू होते, हातभर लांबीचे, ज्यांना आम्ही कुणी कधी धरलं नव्हतं. खवले धुरकट पडलेले, अंग एका बाजूला कललेलं. मधेच एखादा तडफडून उलटा व्हायचा आणि मग त्याचं पांढरं पोट तेवढं वर राहायचं. काठाला पाटी, पोती, बादल्या घेऊन लोक आले होते. कुणाला जाळं लागत नव्हतं. हातानं उचलून भरत होते.

अण्णा छातीएवढ्या पाण्यात होता. त्या गारठ्यात, त्या काळ्या पाण्यात. वरच्या बाजूला एक ओढा नदीला मिळतो, त्याचं पाणी तेवढं बरं होतं. तो दोन्ही हातांनी पाणी बडवत होता आणि माशांना ओढ्याच्या तोंडाकडं हाकत होता, गुरं हाकावीत तसा. "हो, हो, चला, तिकडं चला." शंभरातला एखादा वळायचा. बाकीचे त्याच्या छातीला घासून मागं जायचे. वहिनी काठावरून ओरडत होती, "या की आता भाईर! मराल की गारठून!" त्याला ऐकू जात नव्हतं. मधेच तो काठावरच्या लोकांकडं वळला आणि म्हणाला, "खाऊ नका रं ह्ये! इखारी हाय!" एकानं पोतं भरता भरता उत्तर दिलं, "तू न्हाय का लई वर्सं राखलंस? आता आमाला तर खाऊ दे."

उन्हं वर आली, धुकं विरलं, तेव्हा चप् चप् आवाज थांबला होता. नदी या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी होती. मरळ तेवढी कुठं कुठं जिवंत होती. ती वरची हवा घेऊन जगते. बाकी सगळं संपलं. आम्ही दोघींनी ओढून अण्णाला बाहेर काढलं. मी त्याचे तळपाय घासले. त्याचे दात वाजत होते. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तू कवा आलीस?"

मी काही सांगितलं नाही. अशा वेळी कोण सांगेल? आणि नंतर सांगायला अशी वेळ पुन्हा येत नाही.

दुपारी पाणी तपासणारी सरकारी माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. बाटल्या गेल्या त्या गेल्या, त्यांचा कागद काही आला नाही. दुसऱ्याच दिवशी वास काठच्या गावांत पोचला, आरडाओरडा झाला आणि दोन तासांत सगळे बरगे काढले. त्याला कुणाचा अर्ज लागला नाही. मेलेले मासे खालच्या गावांकडं वाहून गेले. काही दिवसांनी बरगे पुन्हा घातले, कारण ऊस उभा होता.

माझं गणित मी किती वेळा केलं आहे. सोमवारी दिला असता. पहिला अर्ज पाच दिवसांत चालला होता. सोमवार धरून नाही, मंगळवारपासून मोजलं तरी शनिवार. मासा वर आला रविवारी. कधी वाटतं, दुसरा अर्ज इतक्या लवकर चालला नसता. ऊसवाले आडवे आले असते. दोन गाळ्यांनी काय होणार होतं? असं वाटलं की जरा बरं वाटतं, आणि बरं वाटलं की स्वतःचीच किळस येते. मी कचेरीत चार माणसांच्या हसण्याला घाबरले. एवढंच खरं आहे, बाकी वकिली आहे. पस्तीस वर्षं वकिलाकडं काढल्यावर तेवढी येणारच.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीच्या नातेवाइकांकडं गुंजीला गेले होते. स्टेशनापासून थोडं आत, झाडीत एक ओहोळ आहे. पाणी थंडगार आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. बोटभर मासे प्रवाहाकडं तोंड करून जागच्या जागी उभे होते. मैत्रीण म्हणाली, "काय छान ना?" मला तिच्या पाण्याचा मत्सर वाटला. खरंच सांगते, वाटलं की यातही काहीतरी पडावं. मग मला माझीच भीती वाटली आणि मी तिथून उठले.

त्या हिवाळ्यानंतर अण्णानं फांदी रोवली नाही. पुढच्या पावसाळ्यात मासा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. चिलाप्या आल्या, त्या कुठंही येतात. उरलेल्या दोन घरांतली माणसं हिडकलच्या जलाशयावर जायला लागली. अण्णाला कुणीतरी निपाणीच्या बाजारात खोक्यातले मासे विकायला बसवलं होतं. आठ दिवस बसला. मग म्हणाला, ह्यांचं डोळं बघवंनात. आता तो दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायला जातो. मोटार चालू करतो, बांधावर बसतो, सरी भरली की मातीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडतो. पाणी आमच्याच नदीचं.

आणि परवा, थंडी पडल्यावर, तो माझ्याकडं आला. नातीच्या शाळेला उत्पन्नाचा दाखला हवा होता. फॉर्म कानडीत. त्यानं स्वेटरच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. मी चष्मा लावून भरायला घेतला. नाव, वय, गाव. व्यवसायाच्या रकान्याशी आले आणि सवयीनं 'मीनुगार', म्हणजे मासे धरणारा, असं लिहायला लागले. आप्पांच्या, अण्णाच्या, सगळ्या फॉर्मांवर मी तेच लिहीत आले होते.

पहिलं अक्षर झालं असेल. अण्णा म्हणाला, "ते नगं. कूली लिही."

"का रे?"

"खरं ते लिवाय नगं व्हय?"

मी पेन खाली ठेवलं. तीन हिवाळे घशात अडकलेलं तेव्हा निघालं. मी म्हणाले, "अण्णा, तो दुसरा कागद मी दिला नव्हता. दिला म्हणून तुला खोटं सांगितलं. कचेरीत गेले, लोक हसले आणि कागद पर्समध्येच ठेवून परत आले."

 तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जाईल. जावं, असंही वाटलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्या शुक्रवारी मी हितं आलतो, बेळगावला."

"कशाला?"

"हापिसात. म्हणलं, बरगे कवा काढत्यात ते तरी इचारूया. तिथला म्हणला, आसला कागदच आलेला न्हाय. मी त्याला म्हणलं, आलाय, तू हुडकून बघ. त्यो म्हणला न्हाय. लई भांडलो मी त्याच्यासंगं. चार माणसांनी धरून भाईर काढलं मला." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीची घडी घातली. "म्हणलं, माझ्या भनीनं दिलाय म्हणती म्हंजे दिलाय. ह्योच खोटं बोलतोय."

"मग माझ्याकडं का आला नाहीस रे?"

"तुला कशाला सांगायचं? तुला वाईट वाटलं आसतं, तुझा कागद त्यांनी हरवला म्हणून."

भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून त्यानं फॉर्म माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "लिव आता. पाचची बस हाय."

मी सुरू केलेलं अक्षर खोडलं आणि शेजारी कूली लिहिलं.